भात्याला कोण विचारतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कॅथेड्रलच्या, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चच्या, कॉयरला (गायकवृंदाला) आणि ऑर्गनला हातभार लावा असं सांगणारा लेख आपण रविवारच्या पुरवणीत छापलात, त्याबद्दल दोन ओळी आभाराच्या लिहिणार होतो. पण काल त्यावर 'परक्यांच्या भजनी मंडळाला आमची वर्गणी कशाला?' हे पत्र आलं आणि आभार राहिले बाजूला. पत्रलेखक ठाण्याचेच निघाले याचं जास्त वाईट वाटलं. मासुंदा तळ्याला संध्याकाळी एक फेरी मारली तरी चर्च, कौपीनेश्वर आणि गडकरी रंगायतन तिन्ही वाटेत लागतात. या गावात राहून परकं-आपलं एवढं कडक ठेवायला पुष्कळ कष्ट पडत असतील.

परकं म्हणजे काय हो? पत्रलेखकांच्या घरात पेटी असेल तर तिचं मूळ गाव १८४० च्या सुमाराचं पॅरिस आहे. बालगंधर्वांच्या पदांमागे जो लांबलचक सूर धरलेला असायचा, तो पायाने भाता मारायच्या ऑर्गनचा. तोही विलायतेहून बोटीने आलेला. आणि चर्चमध्ये काय फक्त इंग्रजीच गातात असा समज आहे का? रेव्हरंड टिळकांची मराठी भजनं गेली शंभरहून अधिक वर्षं तिथे म्हटली जातायत. असो. मला भांडायचंय ते वेगळ्याच मुद्द्यावर.

माझे वडील पेटी दुरुस्त करायचे. राममारुती रस्त्याच्या मागे जिन्याखाली एक खोली होती, तिलाच दुकान म्हणायचं. गणपती झाले की भजनी मंडळांच्या फाटक्या भात्यांची रांग लागायची, आणि दिवाळी उलटली की बाबा मला घेऊन लोकलने एका चर्चमध्ये जायचे. ठाण्यातलं नव्हे, जरा लांबचं. नाव लिहीत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून तिथली आजची चांगली माणसं विनाकारण दुखावतील. तिथे एक पायपेटीचा ऑर्गन होता. कॅथेड्रलमध्ये असतो तसा नळ्यांचा नव्हे. नळ्यांच्या ऑर्गनचा एक मोठा नळा आमच्या जिन्याखालच्या खोलीत उभासुद्धा राहिला नसता. हा आपला कपाटाएवढा, पितळी सुरांचा (सूर म्हणजे हवेने थरथरणारी पितळी जीभ), खाली पाय मारायच्या दोन पावट्या. नाताळाआधी त्याची साफसफाई आणि सूर जुळवणी हे बाबांचं काम.

मागची फळी काढली की पहिला मान उंदराच्या घरट्याचा. लाल बनातीच्या चिंध्या, भात्याच्या कातड्याचे तुकडे आणि कुरतडलेल्या गीतपुस्तकाची पानं. पावसाळ्यात लाकूड फुगून एखादी पट्टी दाबलेलीच राहायची आणि सुरांवर हिरवा कळंक चढलेला असायचा. मी खुर्चीवर बसून पाय मारायचो, बाबा फळीला कान लावून बेसूर सूर हुडकायचे, मग पितळी आकड्याने तो अलगद बाहेर ओढायचे. चढवायचा असेल तर टोकाला खरडायचं, उतरवायचा असेल तर मुळाशी. एक खरड जास्त झाली की सूर गेला, म्हणून त्या वेळी मला बोलायची बंदी. मी एकदा शिंकलो होतो, तो सूर बाबांनी मला पुढे दहा वर्षं ऐकवला.

उंदरांवर बाबांचा एकच उपाय होता. पाद्रीसाहेबांना दरवर्षी सांगायचे, "फादर, औषध नको, रोज वाजवणारा माणूस ठेवा. रोज वाजतो त्यात उंदीर राहत नाही."

आणि तिथे तेव्हा रोज नाही, तरी नेमाने वाजवणारा माणूस होता. शाळेतून निवृत्त झालेले एक मास्तर. शुक्रवारी संध्याकाळी कॉयरचा सराव घ्यायचे. आमचं काम लांबलं की आम्ही बाकावर बसून ऐकायचो. सोप्रानो, आल्टो, टेनर, बास या उंच आवाजापासून खर्जापर्यंतच्या चार ओळी, म्हणजे पोरी, त्यांच्या आया, एक पोस्टमन आणि दोन जाडजूड काका. मास्तर आधी एकेकाकडून त्याची ओळ घटवून घ्यायचे, आल्टोवाल्या बायका हटकून सोप्रानोत घसरायच्या, मास्तर चष्मा काढून गप्प बसायचे आणि पुन्हा पहिल्यापासून. शेवटी चारही ओळी एकत्र. आमच्याकडे गाणं म्हणजे एक चाल आणि तिच्यामागून सगळे. बाबा पहिल्यांदा ऐकून घरी येऊन आईला म्हणाले, "चौघं चार वेगळी गाणी म्हणतात आणि भांडण होत नाही!" आमच्या चाळीच्या अनुभवावरून आईचा विश्वास बसला नाही.

मास्तर गेले. त्यांच्या जागी कोणाला नेमावं, महिन्याला काही हातावर ठेवावं, हे मंडळाला सुचलं नाही. मग एक कीबोर्ड आला. त्यात बटण दाबलं की ढोलकी आपोआप वाजते, त्यामुळे टेनर-बासची कटकट मिटली. त्याच सुमाराला चर्चला नवा रंग लागला, फरशी ग्रॅनाइटची झाली, दात्यांची नावं दगडावर कोरली गेली. चांगलंच झालं, मी कोण बोलणारा. पण त्या यादीत 'भात्याच्या कातड्यासाठी' असं एकही नाव नव्हतं, आणि बाबांच्या शेवटच्या दुरुस्तीचे पैसे 'पुढच्या महिन्यात' होते ते पुढच्या महिन्यातच राहिले. रकमेचं काही नाही. माझ्या लक्षात आहे, एवढंच.

चार-पाच वर्षांपूर्वी भाचीच्या लग्नाचा हॉल बघायला घोडबंदर रस्त्यावरच्या एका हॉटेलात गेलो होतो. स्वागताच्या टेबलाजवळ तो ऑर्गन उभा! पावट्या काढलेल्या, वर मनीप्लांट, पोटात पाण्याच्या बाटल्या. ओळखला कसा? डावीकडून तिसरी पट्टी. सगळ्या पट्ट्या पिवळट आणि ही एकच पांढरीशुभ्र, बाबांनी बसवलेली. मी नुसतं बोट ठेवलं तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "अंकल, हात नका लावू, अँटिक पीस आहे." लग्न दुसऱ्या हॉलला केलं. तिथलं जेवण वाईट होतं, ते बोलणं अजून मलाच खावं लागतं.

तर पत्रलेखकमहाशय, वर्गणी लागते ती अशा ठिकाणी. वाद्य विकत घ्यायला फोटोसकट दाते मिळतात, पण ते रोज वाजवायला आणि दर शुक्रवारी आल्टोची ओळ घटवून घ्यायला कोणी देत नाही, कारण त्याची पाटी लावता येत नाही. आणि ही गोष्ट एकदा तुटली की पैसे टाकून लगेच जोडता येत नाही. इंग्लंडात १६४४ साली पार्लमेंटने चर्चमधले ऑर्गन काढून टाकायचा हुकूम काढला, कॉयर बंद पडले. १६६० मध्ये राजा परत आला. त्याच्या स्वतःच्या चॅपेलमध्ये गायकवृंद पुन्हा उभा करायचा ठरला. पैसा होता, उत्साह होता, सगळं होतं, पण वरची ओळ धड म्हणू शकेल असा एक पोरगा वर्षभर मिळाला नाही. शेवटी पोरांच्या आवाजाची ओळ कॉर्नेट नावाच्या फुंकवाद्यावर वाजवून वेळ मारून नेली. म्हणजे त्यांच्याकडेही कीबोर्डवाला उपाय झालाच होता म्हणायचा, फक्त ढोलकी नव्हती. सोळा वर्षांत हे झालं. आपल्याकडे किती वर्षं झाली ते मोजायला बसलो नाही.

पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलची आग सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली. तिथला मोठा ऑर्गन त्या आगीत जळला नव्हता, पण त्यावर शिशाची धूळ बसली. मग जवळपास आठ हजार नळ्यांचं ते सगळं धूड उतरवून साफ केलं, पुन्हा बसवलं, सूर लावले आणि २०२४ च्या डिसेंबरात ते वाजलं. लोक त्या आठ हजारांनी चकित होतात. मला कौतुक वाटतं ते याचं की आवरून झाल्यावर ऑर्गन वाजवायला बाकावर बसायला नेमलेली माणसं तयार होती. आपल्या फोर्टातलं सेंट थॉमस कॅथेड्रल १७१८ पासून उभं आहे. त्याच्या गायकवृंदाला मुलं मिळावीत म्हणून १८७५ साली तिथे कॉयरची शाळा निघाली. आजच्या कॅथेड्रल अँड जॉन कॉनन शाळेच्या इतिहासातला हा धागा आहे. त्या वेळच्या लोकांना कळत होतं की आधी पोरं तयार करावी लागतात.

आता आपल्यातल्यांनी फार हसू नये. गेल्या वर्षी एका संगीत नाटकाला गेलो होतो. नांदीला ऑर्गनचा सूर आला म्हणून मान उंचावून बघितलं, तर कीबोर्ड. मध्यंतरात वाजवणाऱ्या मुलाला विचारलं. तो बिचारा सरळ म्हणाला, "काका, 'ऑर्गन दोन' नावाचं बटण आहे." वाजवत छान होता, पण पायाने भाता मारला की सूर हळूच फुगतो आणि ओसरतो, ते बटणाला कुठून येणार? १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीला दाराबाहेर काढलं, १९७१ पर्यंत आत घेतलं नाही, तरी पेटी मेली नाही. घराघरात आणि देवळादेवळात वाजवणारे हात होते म्हणून. ऑर्गनवाल्यांचे तेवढे हात कधीच नव्हते, चर्चमध्येही नाही आणि नाटकातही नाही.

जाता जाता आपल्याविषयी. लेखासोबत आपण जो फोटो छापलात आणि खाली 'चर्चमधील पारंपरिक ऑर्गन' असं लिहिलंत, तो विजेवर चालणारा कीबोर्ड आहे. त्याची वायर फोटोत दिसते आहे. आपल्या पुरवणीत मागे सनईच्या जागी क्लॅरिनेट आली होती तेव्हाही मी लिहिलं होतं. ते पत्र छापलं नाहीत.

आणि मुख्य म्हणजे, 'हातभार लावा' असं अर्धं पान लिहिलंत, पण पैसे पाठवायचे कुठे हे शेवटपर्यंत नाही! बाबांचा सुरांचा पत्र्याचा डबा माझ्याकडे आहे, त्यात मी हजार रुपये काढून ठेवलेत. पत्ता छापा. कातड्यासाठी किंवा वाजवणाऱ्याच्या पगारासाठी असं पावतीवर लिहून देणार असतील तरच. फरशीसाठी असेल तर राहू द्या.

आपला,
एक जुना वाचक
नौपाडा, ठाणे (प.)

(नाव छापू नये. हॉटेलवाल्या प्रकरणावरून घरात आधीच पुरेसं झालं आहे.)