शेक सुरू होण्याआधी दात दाखवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तालुक्यात झालेल्या मुखकर्करोग तपासणी शिबिराची बातमी आपल्या दैनिकात गेल्या आठवड्यात वाचली. फोटोत एक आजोबा आ करून बसलेत आणि डॉक्टर बॅटरीच्या उजेडात गालाची आतली बाजू बघतायत. अशी शिबिरं हवीतच. पण त्या रांगेतल्या ज्या कुणाच्या तोंडात खरोखर गाठ सापडेल, त्याला पुढची एक गोष्ट वेळेवर कळायला हवी: शेक, म्हणजे रेडिएशनचे किरणोपचार, सुरू होण्याआधी दात दाखवून घ्यायचे. आम्हाला ती दीड वर्ष उशिरा कळली. म्हणून हे पत्र.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका. आमचे हे एस.टी.त चालक होते. तंबाखू-चुन्याची डबी तीस वर्षं खाकी शर्टाच्या खिशात. २०१९ च्या जुलैत डाव्या गालाच्या आतली न भरणारी जखम कर्करोगाची निघाली. ऑपरेशन झालं आणि सप्टेंबरपासून शेक सुरू झाले. रेडिएशनला आमच्याकडे कुणी शेक म्हणतं, कुणी लाईट. आठवड्याचे पाच दिवस, सहा आठवडे, एकूण ३०. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. तिथल्या डॉक्टरांनी गाठ नीट काढली, ती आजवर परत आलेली नाही, त्यांचे आमच्यावर उपकार आहेत. पण त्या सगळ्या काळात यांचे दात कुणी बघितले नाहीत. रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला, हृदय तपासलं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी कवळी आहे का एवढं विचारलं. डावीकडच्या खालच्या दोन दाढा तेव्हाच किडलेल्या होत्या, त्यातली एक तर बोटानेही हलायची. गाठ काढताना त्याच भुलेखाली त्या दाढा काढता आल्या असत्या, हे नंतर दुसऱ्या एका डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी त्यांच्यासमोरच रडले.

शेकाच्या तिसऱ्या आठवड्यात तोंड आतून सोलल्यासारखं झालं. पाणी पितानाही डोळ्यांतून पाणी यायचं. जिभेवर साईसारखा पांढरा थर आला. आम्हाला वाटलं औषधाचा परिणाम असेल, म्हणून चार दिवस सांगितलंच नाही. ती बुरशी होती आणि तिच्यावर गोळ्या असतात. खाणं सुटलं, वजन अकरा किलोंनी उतरलं, शेवटी नाकातून नळी घातली. एकदा हे म्हणाले, "आजचा शेक राहू दे, मला सोसवत नाही." त्या दिवशी मी हट्टाने नेलं. शेकात खंड पडला तर उरलेल्या पेशींना सवड मिळते आणि उपचाराचा गुण कमी होतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तोंडाची निगा ही केवळ रुग्णाला बरं वाटावं म्हणून घ्यायची नसते. ती नसेल तर मूळ उपचारच अर्धवट राहू शकतात.

शेक संपले, तोंड भरून आलं, आम्ही देवाला नारळ फोडला. पण शेकाने आटलेली लाळ काही परत आली नाही. रात्री जीभ टाळूला चिकटायची आणि हे दचकून उठायचे. सुकी भाकरी गिळता येईना, प्रत्येक घासाला पाण्याचा घोट. तोंड ओलं राहावं म्हणून कुणी खडीसाखर चघळायला सांगितली, कुणी लिंबाच्या गोळ्या. मीच त्या डब्यात भरून ठेवायचे. लाळ ही दातांची राखण असते. ती आटल्यावर तोंडात दिवसभर साखर आणि आंबट ठेवणं म्हणजे दात आपल्या हाताने किडवणं. वर्षभरात समोरचे दात हिरडीपाशी तपकिरी झाले आणि मग एकेक करून तिथूनच मोडले. आयुष्यभर हातात खडू धरला, म्हणून सांगते, अगदी खडू मोडतो तसे.

मार्च २०२१ मध्ये ती हलणारी दाढ ठणकू लागली. लॉकडाऊननंतरचे दिवस, मोठ्या शहरात जायला जीव धजेना. जवळच्या दवाखान्यात गेलो. त्यांनी मधुमेह आहे का, रक्तदाब आहे का, विचारलं. शेक घेतलाय का, हे विचारलं नाही. आम्हीही सांगितलं नाही, कारण दाढेचा आणि शेकाचा संबंध असतो हेच ठाऊक नव्हतं. दाढ निघाली पाच मिनिटांत. जागा मात्र भरेना. दीड महिन्याने हे म्हणाले, "अगं, बघ बरं, जिभेला काहीतरी टोचतंय." मी मोबाईलचा उजेड पाडून बघितलं. हिरडीतून शेंगदाण्याएवढं पिवळट पांढरं हाड उघडं पडलं होतं.

जबडा मरतो म्हणजे काय, ते त्यानंतर कळलं. शेकाने हाडातल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. खालच्या जबड्याला मुळातच वरच्यापेक्षा रक्त कमी. दात उपटल्यावर जखम भरायला जे रक्त लागतं ते तिथे पोचत नाही आणि हाड मरू लागतं. हा धोका वर्ष-दोन वर्षांत टळत नाही, जन्मभर राहतो. यांना प्रतिजैविकं झाली, रक्ताभिसरणाच्या गोळ्या झाल्या, ई जीवनसत्त्व झालं. हनुवटीखाली भोक पडून पू वाहू लागला. २०२२ च्या सुरुवातीला जबड्याचा मेलेला तुकडा काढावा लागला. कर्करोग बरा झालेल्या माणसाचं हे दुसरं मोठं ऑपरेशन, एका दाढेपायी.

आता दुसरी बाजू. २०२४ मध्ये माझ्या धाकट्या जाऊबाईंना जिभेच्या कडेचा कर्करोग झाला. चाळीस वर्षं सकाळ-संध्याकाळ मिश्री. रुग्णालय वेगळं होतं. तिथे ऑपरेशनची तारीख ठरण्याआधीच त्यांना दंतविभागात पाठवलं. दातांचा मोठा फोटो काढला, टिकणार नाहीत अशा तीन दाढा काढल्या, बाकीच्या साफ करून दोन भरल्या. शेक सुरू होईपर्यंत जखमा भरायला दोन-तीन आठवडे मिळावेत, असा हिशेब धरूनच हे झालं आणि त्यासाठी मूळ उपचाराला एक दिवसही उशीर झाला नाही. "कॅन्सरमध्ये दात काढला की तो पसरतो" असं घरातल्या मोठ्या माणसांनी घाबरवलं होतं. तसं काही नसतं. धोकादायक दात शेकाआधी काढायचा असतो. शेकानंतर काढणं हीच जोखीम.

दातांचे माप घेऊन त्यांना मऊ प्लॅस्टिकचे दोन साचे करून दिले. रोज रात्री दात घासून त्या साच्यांत फ्लोराइडचं जेल घालायचं, सांगितलेली मिनिटं दातांवर धरायचं, थुंकायचं आणि त्यानंतर अर्धा तास पाणीसुद्धा प्यायचं नाही. हे जन्मभर करायचं. जाऊबाई मला म्हणाल्या, "ताई, मिश्री नाही तर दात घासल्यासारखं वाटेल का हो?" पहिला महिना त्यांना फार जड गेला. मी लहान मुलांचा मऊ ब्रश आणून दिला, पहिल्या दिवशी त्यांच्याशेजारी उभं राहून मीही घासले.

त्यांच्या तोंडात फोड आलेच, ते सहसा कुणाला चुकत नाहीत. पण नळी घालावी लागली नाही. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, त्यात एक लहान चमचा मीठ आणि एक लहान चमचा खायचा सोडा. रोज ताजं करायचं आणि दर दोन-तीन तासांनी त्याने चूळ भरायची. दुकानातली झोंबणारी, अल्कोहोलवाली माउथवॉश बंद. जेवणाआधी बधिर करणारं औषध, मग दुधात कुस्करलेली भाकरी नाहीतर मऊ भात. आणि आइस्क्रीमच्या काड्या! एकावर एक रचून, रबर लावून समोरच्या दातांत धरायच्या, म्हणजे जबडा आखडत नाही. सुरुवातीला १७ मावायच्या, शेकाच्या शेवटी १४ वर आल्या, नेटाने करत राहिल्या तेव्हा सहा महिन्यांनी पुन्हा १७. हे वहीत लिहून ठेवलंय त्यांनी. चौथी शिकलेल्या बाईने.

हे फक्त तोंडाच्या कर्करोगाचं नाही. माझ्या शाळेतल्या एका बाईंना स्तनाच्या कर्करोगासाठी हाडं बळकट करणारी इंजेक्शनं चालू आहेत. त्या औषधांनीही दात काढल्यावर जबड्याचं हाड उघडं पडू शकतं, म्हणून ती सुरू होण्याआधी दातांची कामं उरकायची असतात. केमो चालू असताना पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घसरतात. अशा वेळी परस्पर दात काढायला जाऊ नये, आधी केमोच्या डॉक्टरांना विचारून रक्त तपासून घ्यावं. हे साधं आहे, पण सांगितल्याशिवाय कुणाला कसं कळणार?

माझं मागणं फार मोठं नाही. तोंड-मानेचा शेक घेणाऱ्या प्रत्येकाच्या फाईलमध्ये एक पान दातांचं असावं आणि त्यावर दंतवैद्यांची सही असल्याशिवाय मशीनची तारीख पक्की होऊ नये. जिल्हा रुग्णालयात दंतविभाग असतो. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. जिथे कर्करोग रुग्णालयात दंतवैद्य नाही तिथून रुग्णाला चिठ्ठी देऊन जवळच्या अशा ठिकाणी पाठवता येईल. आमचे शेक आणि ऑपरेशन सरकारी योजनेतून झाले, म्हणून आम्ही तरलो. ज्या पॅकेजमध्ये शेकाचे पैसे मिळतात त्याच पॅकेजमध्ये शेकाआधीची दातांची कामं आणि फ्लोराइडचे साचे स्पष्टपणे धरावेत. जबड्याच्या दुसऱ्या ऑपरेशनपेक्षा ते कितीतरी स्वस्त पडेल.

आणि आपल्या भागातल्या दंतवैद्यांना हात जोडून विनंती. मधुमेह विचारता तसंच "कधी तोंडाला, मानेला शेक घेतलाय का?" हेही विचारा. यांच्या खिशात मी आता एक कार्ड ठेवलंय, झेरॉक्सच्या दुकानातून लॅमिनेट करून. त्यावर लिहिलंय: "२०१९ मध्ये तोंड व मानेला ३० शेक, ६० ग्रे. दात काढण्यापूर्वी कर्करोगाच्या डॉक्टरांशी बोलावे." (ग्रे हे शेकाच्या मात्रेचं माप.) खाली माझा फोन नंबर. तसंच एक जाऊबाईंना करून दिलं. आमच्या तालुक्याच्या गावी दातांचे अकरा दवाखाने आहेत. त्यातल्या चार ठिकाणी जाऊन मी हे कार्ड दाखवलं. दोघांनी माझ्यासमोरच आपल्या नोंदणीच्या कागदावर तो प्रश्न पेनाने लिहिला. उरलेल्या सात ठिकाणी दिवाळीनंतर जाणार आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
(नाव व पत्ता संपादकांकडे)