आठवा सीझन उघडला

प्रिय मंदार,

आठ महिने झाले, पत्र नाही, फोन नाही. तुझे दोन मेसेज तसेच पडून आहेत. रागावला असशील तर तो तुझा हक्क आहे. माझी तब्येत ठीक, बीपीची एक गोळी वाढली, बाकी काही नाही.

नंद्याच्या 'द एक्स-फाइल्स'चा आठवा सीझन उघडला. मी उघडला, माझ्या हातानं. हे वाक्य तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला लिहून उपयोग नव्हता, म्हणून आज बसलोच.

ताईच्या ओंकारला वडिलांच्या, म्हणजे नंद्याच्या, कपाटात त्या मालिकेच्या सीझनांचे खोके सापडले. पंधरा वर्षांचा झालाय आता, आवाज फुटलाय, रागावला की थेट नंद्यासारखी मान तिरकी करतो. पहिल्या सीझनपासून बसला बघायला, आणि त्याच्याबरोबर कोण बसलं असेल? नंद्या गेल्यावर ताईनं ज्यांच्याशी लग्न केलं ते अविनाशराव. ऑफिसातून आल्यावर रोज एक भाग. सात सीझन, मंदार! ताई म्हणाली, ह्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, सुरुवातीला तर दर पाच मिनिटांनी विचारायचे, आता हा धूम्रपान करणारा कोण? आठव्याच्या खोक्याशी ओंकार थबकला. सात खोके कोपऱ्यांवर पांढरे पडलेले आणि आठव्याचं प्लॅस्टिक जसंच्या तसं. विचारलं तर अविनाशराव एवढंच म्हणाले, "तो बाबांचा आणि मामाचा मामला आहे. मामाला विचार." म्हणून मला फोन आला, आणि म्हणून मी चार दिवसांची रजा टाकून ताईकडे गेलो.

नंद्यानं तो घेतला कशाला होता, हे त्यानं आपल्याला शेवटपर्यंत सांगितलं नाही. गूढ प्रकरणांचा तपास करणारा नायक मल्डर गेला, मालिका संपली, हा त्याचा निकाल होता आणि त्यावर अपील नव्हतं. तुझं आणि माझं भांडण वेगळंच चाललेलं. तू म्हणायचास मल्डर करणारा डेव्हिड डुकॉव्हनी पैशासाठी गेला, मी म्हणायचो तो थकला होता. थोडं थोडं दोघांचंही खरं असावं. १९९९ मध्ये त्यानं कंपनीवर दावा लावला होता, तो मिटला, आणि आठव्या सीझनच्या जवळपास निम्म्याच भागांत काम करायला तो तयार झाला. पण नवा तपासनीस डॉगेट म्हणून आलेल्या रॉबर्ट पॅट्रिकला 'पत्र्याचा माणूस' म्हणणारा तूच होतास, ते विसरू नकोस. 'टर्मिनेटर २' मधला तो वितळणारा पोलीस कुणाच्याच डोक्यातून गेला नव्हता. आणि गंमत ऐक, ह्याच सीझनमध्ये त्याच्यापुढे खरोखरच धातूचा होत जाणारा माणूस आणून उभा केलाय! मी इतका हसलो की ओंकारनं भाग थांबवला.

तर पहिला भाग लागला. नवी शीर्षकं, त्यात मल्डर एका डोळ्यात खोल खोल पडत जातो. नंद्या गेल्यानंतर तो प्रकार बघणं सोपं नव्हतं. मग डॉगेट येतो. मल्डरला शोधायची कामगिरी त्याच्याकडे आहे, पण मल्डरची जोडीदार स्कली, तिच्याजवळ बसून तो ते सांगत नाही, उगाच आपण मल्डरला ओळखत असल्यासारखं बोलत राहतो. तिला कळतं तो कोण आहे, आणि ती पेल्यातलं पाणी सरळ त्याच्या तोंडावर फेकते. टीव्हीवर हा भाग लागला तेव्हा आपण तिघांनी टाळ्या वाजवल्या होत्या, आठवतं? या वेळी मी टाळी वाजवली नाही. मागे दारात अविनाशराव चहाचा कप घेऊन उभे होते.

आता मुद्द्यावर येतो. तिसऱ्या भागाच्या शेवटी स्कली मल्डरच्या टेबलावरची त्याच्या नावाची पाटी उचलते, क्षणभर हातात धरते आणि खणात ठेवते. एवढंच. फेकत नाही, डॉगेटला देत नाही, खणात ठेवते. चौथ्या सीझनमध्ये हिनंच विचारलं होतं की मला इथं टेबल का नाही. नंद्यानं तो भाग आपल्याला तीनदा दाखवलेला. मी ती पाटी बघत होतो आणि ओंकार पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "मामा, काका अजून त्या खुर्चीत बसत नाहीत. तू सांगितलं होतंस ना."

मंदार, तो तेव्हा अकरा वर्षांचा होता. मला वाटायचं तो आतल्या खोलीत आहे.

तुला तो दिवस आठवतो, आठवत नाही म्हणू नकोस. ताई-अविनाशरावांचं रजिस्टर लग्न करून सगळे घरी आलो, जेवायला बसताना अविनाशरावांनी खिडकीकडची खुर्ची ओढली आणि मी म्हणालो, "ती नंदूची आहे." तू माझ्या शेजारी होतास. तू हसलास. वाईट हसला नाहीस, माझ्या बाजूनं हसलास, पण हसलास. ते उठले आणि स्टुलावर जाऊन बसले. चार वर्षं ते स्टुलावरच जेवतायत. आणि मी दर वेळी त्या टेबलाशी त्यांच्यासमोर बसून जेवलोय आणि मला ते दिसलं नाही. खरं म्हणजे दिसत होतं. आत कुठेतरी बरंही वाटत होतं. हे तुलाच लिहू शकतो.

त्या रात्री झोप नाही. पडल्या पडल्या एकच गोष्ट लक्षात येत राहिली, की या चार वर्षांत मी त्या माणसाला एकदाही हाक मारलेली नाही. नंद्या आधी मित्र, मग ताईचा नवरा, त्यामुळे त्याला कधी भाऊजी म्हणायचा प्रश्नच आला नाही. ह्यांना म्हणायला हवं होतं. मी 'अहो' म्हणतो, 'ऐकलंत का' म्हणतो, नाहीतर ताईमार्फत निरोप देतो, "त्यांना विचार गाडी कधी काढायची." समोर बसलेल्या माणसाला!

दुसऱ्या दिवशी चौथा भाग. त्यात स्कली डॉगेटला न घेता एकटीच तपासाला जाते, आडरानातल्या एका गावात अडकते, तिच्या पाठीच्या कण्यात एक किडा घुसवतात. (तो भाग जेवणाआधी बघू नकोस.) डॉगेट पोचतो, पाठ कापून तो किडा बाहेर काढतो. नंतर दवाखान्यात ती त्याला सांगते की त्याला बरोबर घेतलं नाही ही तिची चूक झाली. साधं, सरळ, डोळ्यांत बघून. चार भागांत तिला जमलं. मला चार वर्षं लागली तरी जमेना. जेवताना मी धीर करून ती खुर्ची मागे ओढली आणि म्हणालो, "बसा ना इथं." त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, ओंकारकडे पाहिलं आणि म्हणाले, "असू द्या, इथं बरं वाटतं मला." वाढायला लागले. त्यात टोमणा नव्हता, खरंच नव्हता, आणि म्हणूनच पुढे काय बोलायचं ते मला सुचलं नाही. ती खुर्ची तशीच टेबलापासून हातभर लांब राहिली, जेवण होईपर्यंत. ताईनं नंतर ती आत सरकवली. बोलली काहीच नाही.

मधल्या भागांबद्दल तुझ्याशी भांडायला मजा येईल. 'बदला' नावाचा एक आहे, मुंबईच्या विमानतळावर सुरू होतो, त्यातला फकीर माणसाच्या पोटात शिरून प्रवास करतो. इतका भिकार भाग मी पाहिला नाही. पण उलट्या काळात जगणाऱ्या वकिलाचा भाग आहे, तो सोन्यासारखा आहे, आणि त्यात वकील कोण माहितीय? 'टर्मिनेटर २' मधला तो शास्त्रज्ञ, जो मॉर्टन. तू म्हणायचास मल्डरशिवाय ह्यांना गोष्टच सुचणार नाही. चुकलास. मीही चुकलो. डॉगेट काही मल्डर व्हायला जात नाही. त्याला परग्रहवासी पटत नाहीत, तो तसं म्हणतो आणि तरी रोज कामाला येतो, ज्या माणसाला तो कधी भेटलेला नाही त्याला शोधायला. त्याचा स्वतःचा मुलगा गेलेला आहे, हे हळूहळू कळतं, तो स्वतः त्याचं भांडवल करत नाही. आणि बघ ना, २०१६ मध्ये मालिका परत आली तेव्हा डॉगेटची जोडीदार मोनिका रेयेस परत आली, डॉगेट नाही. दोन सीझन झाले, पण त्याला कुणी बोलावलं नाही. याचा मला आता मनापासून राग येतो.

शेवटच्या रात्री चौदावा आणि पंधरावा भाग लागोपाठ पाहिले. चौदाव्यात मल्डरचा देह रानात सापडतो. पंधराव्यात बर्फात दफन, मग तीन महिन्यांनी त्याला उकरून काढतात, कारण तसाच मेलेला दुसरा एक जण जिवंत निघालेला असतो. मला हे सगळं माहीत नव्हतं, मंदार. माहीत असतं तर मी मुलाला ते पाहू दिलं नसतं. मल्डर डोळे उघडतो, स्कलीला विचारतो, तू कोण? ती घाबरते, मग कळतं की थट्टा करतोय, आणि ती रडत रडत हसते. ओंकारनं रिमोट उचलून टीव्ही बंद केला. "असं नसतं," म्हणाला आणि गच्चीवर निघून गेला.

मी उठायला लागलो. अविनाशरावांनी मला हातानं थांबवलं, पहिल्यांदाच. म्हणाले, "थोडा वेळ जाऊ द्या. मग तुम्हीच जा. मी गेलो तर त्याला बोलता येणार नाही." वीस मिनिटं आम्ही दोघं त्या बंद टीव्हीसमोर बसलो. मी "भाऊजी" म्हणालो का? नाही. ओठांपर्यंत आलं होतं. मग मी गच्चीवर गेलो. ओंकार आणि मी काय बोललो ते लिहीत नाही, भेटीत सांगेन. नंद्याबद्दलच बोललो.

आता मला कळत नाही की हे कसं करायचं. माफी मागावी तर त्यांना संकोच होईल, ते "कसली माफी" म्हणतील आणि विषय मिटेल. खुर्ची हलवावी तर ताईला काय वाटेल? आणि ओंकारला ती तिथंच हवी आहे का, हे तरी मी कुठं विचारलंय? पुन्हा माझ्याच मनानं ठरवतोय, तेव्हा ठरवलं तसंच. तू मला नेहमी हेच सुनावतोस.

तुझ्या बदलीचं काय झालं? सईची परीक्षा कशी गेली? आईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? वहिनींना नमस्कार. हे सगळं आधी विचारायला हवं होतं, मला माहीत आहे.

सहा भाग उरलेत. ओंकारचा काल फोन आला, म्हणाला, उरलेले बघू, पण तू आलास की, आणि मंदारमामालाही आण. त्या लग्नानंतर तू ताईकडे पाऊल टाकलेलं नाहीस. ती कधी बोलत नाही, पण तुझी चौकशी करताना तिचा आवाज बदलतो. अठ्ठावीसला मी जातोय. दोन दिवस काढ. जेवायला तू माझ्या शेजारी बसू नकोस या वेळी, त्यांच्या शेजारी बस.

तिकिटाचं कळव.

तुझा,
शिरीष