बरगे काढण्याची तारीख माशाला विचारून ठरवा : मत्स्यव्यवसाय मंत्र्यांना खुले पत्र

मा. मत्स्यव्यवसाय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सविनय नमस्कार.

मृगाच्या पहिल्या पावसात चढणीचे मासे वर निघतात आणि म्हैसाळ, सांगली, नागठाणे, बहे, टेंभू यांपैकी कुठल्या ना कुठल्या बंधाऱ्याला थडकतात, हे कृष्णाकाठी लहान पोरही सांगेल. कुठे किती दिवस अडतात? हरिपूरच्या संगमावर वारणेत शिरतात की कृष्णेनेच वर जातात? यावर मात्र जितकी तोंडे तितकी मते. मत्स्यबीजावर खर्च करण्याआधी खडस (महाशीर), तांबरा या इथल्या जातींना टॅग (माशाची ओळख पटवणारी छोटी खूण किंवा यंत्र) लावून एवढे मोजून घ्यावे, आणि बरगे, म्हणजे बंधाऱ्याच्या गाळ्यांत पाणी अडवायला घालतात त्या फळ्या, कधी काढायचे ते त्यावरून ठरवावे, ही आमची मागणी आहे.

पद्धत नवी नाही. हवाई बेटांभोवती १९८० च्या दशकातच कुपा म्हणजे ट्यूना माशांना ध्वनी सोडणारे टॅग लावून होडीने त्यांचा माग काढला गेला. पिवळ्या पराचा कुपा दिवसा बेटाच्या बुडालेल्या कड्यालगत राही, रात्री खुल्या पाण्यात जाई आणि सकाळी परत येई. मोठ्या डोळ्यांचा कुपा दिवसा २०० मीटरहून खोल, तर रात्री १०० मीटरच्या आत. नुसत्या पकडीच्या नोंदींवरून हे कळले नसते, कारण मासा कुठे सापडतो हे जाळे कुठे टाकले यावर ठरते. आपल्याकडच्या बहुतेक नोंदी अजून पकडीच्याच आहेत.

समुद्रातले प्रत्येक साधन मात्र नदीत चालत नाही. उपग्रह टॅग इथे सुचवणारा कुणी भेटला तर त्याला वाटेला लावावे. तो टॅग प्रकाशावरून जागेचा अंदाज बांधतो, त्यात १०० किलोमीटरचीही चूक पडते, आणि कऱ्हाड–सांगली अंतर रस्त्याने त्याहून कमी आहे. शिवाय एका टॅगला काही लाख रुपये लागतात.

इथे दोन साधने हवीत. पहिले ध्वनी-टॅग : दर एक-दोन मिनिटांनी सांकेतिक आवाज सोडणारे, पाण्यातल्या रिसीव्हरने ऐकायचे. दोन आवाजांमधला वेळ मुद्दाम कमीजास्त ठेवतात, नाहीतर एका डोहात जमलेल्या माशांचे आवाज एकमेकांत मिसळतात. टॅगचे वजन माशाच्या वजनाच्या २ टक्क्यांच्या आत असावे. ४ ग्रॅमच्या टॅगला मासा किमान २०० ग्रॅमचा लागतो. रिसीव्हर बंधाऱ्याच्या पायथ्याशी बसवू नये. तिथल्या फेसात हवेचे बुडबुडे आवाज गिळतात. तो खालच्या किंवा वरच्या डोहात हवा, आणि आधी एक टॅग दोरीला बांधून ५०, १००, २०० मीटरवर किती आवाज ऐकू येतात ते उन्हाळ्यात एकदा व पुरात एकदा तपासायला हवे. तसे केले नाही तर पावसाळ्यात बहिरा झालेला रिसीव्हर ‘मासा आलाच नाही’ असे सांगत राहील.

दुसरे साधन तांदळाच्या दाण्याएवढ्या, बॅटरी नसलेल्या चिपचे. ती जन्मभर टिकते, पण जेमतेम हातभर अंतरावरूनच वाचता येते. म्हणून बंधाऱ्याच्या गाळ्यालाच तारेची चौकट बसवावी लागते. गाळ्यातले लोखंडी बरगे आणि काँक्रीटमधली सळई यांनी तिची पोहोच आणखी घटते. चौकट लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांवर, लोखंडापासून सोडवून बसवावी.

टॅग पोटात बसवण्याची शस्त्रक्रिया डिसेंबर-जानेवारीत करावी. मे महिन्यात पाणी तापलेले असते, विरघळलेला प्राणवायू कमी असतो आणि मादीचे पोट अंड्यांनी भरलेले, टॅगला जागाच नसते. लवंग तेलाच्या द्रावणात मासा गुंगवायचा, कल्ल्यांवरून पाणी वाहते ठेवायचे, पोटाच्या मध्यरेषेच्या बाजूला लहान छेद, विरघळणाऱ्या धाग्याचे दोन-तीन टाके, आणि मासा सरळ पोहू लागल्यावरच सोडायचा. हिवाळ्यात लावलेल्या टॅगची बॅटरी निदान ऑगस्टपर्यंत चालायला हवी, हे खरेदीच्या निविदेतच लिहावे.

२०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले होते. रिसीव्हर तरंगत्या पिंपाला बांधला तर जलपर्णीचा एक तराफा तो घेऊन जाईल. पुलाच्या खांबाला किंवा तळाच्या कातळाला पोलादी दोरानेच जखडावा.

प्रत्येक रिसीव्हरजवळ तापमान आणि प्राणवायू मोजणारे यंत्र हवेच. कऱ्हाडला कोयनेचे धरणातून आलेले पाणी आणि कृष्णेचे पाणी यांत मासा काय निवडतो, हे नुसत्या हजेरीवरून कळणार नाही. आणि एकाच रिसीव्हरवर महिनोन्‌महिने हजेरी लावणारा मासा ‘डोह पसंत पडलेला’ नसून मेलेला असू शकतो, किंवा टॅग गळून तळाशी पडलेला असतो. अशा नोंदी वेगळ्या काढल्याशिवाय आकडे जाहीर करू नयेत.

जलसंपदा विभागाला सोबत घेतल्याखेरीज यातले काही उपयोगाचे नाही. कुठल्या गाळ्याचे बरगे कोणत्या तारखेला, किती वाजता निघाले याची नोंद टॅगच्या नोंदीशेजारी ठेवावी लागेल. पहिल्या वर्षी म्हैसाळ ते बहे एवढाच पट्टा घ्या.

शेवटचा मुद्दा पैशांचा, पण छोटा. हिंदी महासागरात २००५ ते २००९ दरम्यान दीड लाखाहून अधिक ट्यूनांना खुणेचे टॅग लावले गेले. त्यांतले जे परत आले, ते मच्छीमार आणि गोदी कामगारांच्या हातून, बक्षिसामुळे. इथेही टॅगवाला मासा आधी जाळ्यातच दिसणार. बक्षीस मच्छीमार सोसायटीत, त्याच दिवशी, रोख मिळावे. कोषागारातून सहा महिन्यांनी येणाऱ्या धनादेशासाठी कुणी टॅग जपून ठेवणार नाही, तो माशाच्या आतड्यांबरोबर नदीत जाईल.

आपले,
कृष्णाकाठचे मच्छीमार व जलजीव अभ्यासक, सांगली