दोन पोर्ट घेतले म्हणजे झाले नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापूरच्या राजारामपुरीतून शिरोली एमआयडीसीतल्या कारखान्याला पाठवलेली फाईल पुष्कळदा मुंबई बघून परत येते. दोघांचे इंटरनेट वेगळ्या कंपन्यांचे असेल आणि त्या कंपन्यांची जाळी मुंबईतच एकमेकांना जोडलेली असतील, तर तिला दुसरी वाट नसते. जाऊन-येऊन साधारण ८०० किलोमीटर, म्हणजे फायबरमधून चार मिलिसेकंद. एवढा उशीर कुणाला जाणवत नाही. जाणवते ते महामार्गाच्या कामात जेसीबीचा दात फायबरला लागला की. मग काही किलोमीटरवरचा शेजारीही गायब होतो.

म्हणून ही गाठ गावातच पडावी, कोल्हापुरात इंटरनेट एक्स्चेंज, म्हणजे निरनिराळ्या कंपन्यांची जाळी एकमेकांना जोडणारी जागा, असावे, या मताचे आम्हीही आहोत. देशात निक्सी ही संस्था २००३ पासून हे काम करते. पण रॅक उभा करून फीत कापली की भागले, असे नाही.

पहिली गल्लत क्षमतेची. पोर्टचा, म्हणजे एक्स्चेंजला जोडणाऱ्या तोंडाचा, आलेख पाच मिनिटांची सरासरी दाखवतो. त्या पाच मिनिटांत व्हिडिओचे लोट काही मिलिसेकंदांसाठी पोर्ट पूर्ण भरतात, स्विचचा (सगळे पोर्ट जोडणाऱ्या यंत्राचा) बफर, म्हणजे तात्पुरता साठा, ओसंडतो आणि पॅकेट, म्हणजे माहितीचे तुकडे, गळतात. आलेखावर ७० टक्के दिसतात आणि ग्राहक मॅच अडकली म्हणून फोन करतो. दोघेही खरेच बोलत असतात. त्यात १० गिगाबिटचे दोन पोर्ट प्रत्येकी ६० टक्के भरलेले असतील, तर एक पडताच दुसऱ्यावर १२० टक्के भार येतो. असा जोडपोर्ट कागदावरच दुहेरी. रात्री नऊच्या आलेखात प्रत्येक पोर्ट ४५ टक्क्यांवर गेला की तिसऱ्याची ऑर्डर द्यावी, आणि हे पोर्ट एकाच स्विचवर, एकाच यूपीएसवर घेऊ नयेत. २०१८च्या एप्रिलमध्ये फ्रँकफुर्टच्या एक्स्चेंजला एका डेटा सेंटरची वीज गेल्याने फटका बसला होता. तिथे ही गत, तर आपल्या महावितरणच्या एका फीडरवर किती भिस्त ठेवायची?

याहून फसवा दोष राउट सर्व्हरचा. सभासदांना, म्हणजे जोडलेल्या कंपन्यांना, एकमेकांचे मार्ग तो सांगतो, पण ट्रॅफिक त्याच्यातून जात नाही. दोन सभासदांमधला स्विचचा दुवा मेला आणि राउट सर्व्हरशी दोघांचे सेशन, म्हणजे चालू संवाद, जिवंत राहिले, तर मार्ग ‘चालू’ दिसतात आणि पॅकेट अंधारात जातात. राउट सर्व्हरकडे बीएफडी (दुवा जिवंत आहे का ते सतत ठोके पाठवून तपासणारी सोय) लावून हा दोष सापडत नाही. मोठ्या ट्रॅफिकच्या सभासदांनी आपसांत थेट बीजीपी (मार्गांची देवाणघेवाण करण्याची पद्धत) सेशन करून त्यावर बीएफडी लावावे. तीनशे मिलिसेकंदांचे तीन ठोके चुकले की मार्ग बदलतो. नाहीतर दुवा मेल्याचे कळायला होल्ड टायमर संपावा लागतो, आणि तो अनेक राउटरांवर मुळात १८० सेकंदांचा असतो.

केबलवाल्याच्या पोराने चुकीच्या पोर्टात पॅचकॉर्ड खोचली तर लूप होऊन, म्हणजे तीच माहिती गोल गोल फिरत राहून, सगळेच बसते. ॲमस्टरडॅमसारखे जुने, मुरलेले एक्स्चेंजही मे २०१५ मध्ये देखभालीच्या वेळी झालेल्या लूपने कोलमडले. उपाय स्वस्त आहे : एका पोर्टवर एकच मॅक पत्ता (यंत्राची ओळख); आयपीव्ही४, आयपीव्ही६ व एआरपी या गरजेच्या प्रकारांखेरीज बाकी फ्रेम (माहितीची पाकिटे) बंद; आणि नवा सभासद आधी वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच स्विचवरच्या अलग जाळ्यावर) तपासून मगच आत.

बाहेरच्या वाटांचेही तसेच. दोन कंपन्यांकडून दोन लिंक घ्यायच्या आणि दोन्ही शिरोलीच्या पुलावरून, एकाच चरातून जायच्या, ही एकच लिंक झाली. २०१९ आणि २०२१च्या महापुरात तिथला महामार्ग बंद पडलेला सगळ्यांनी पाहिला आहे. एक वाट पुण्याकडे असेल तर दुसरी बेळगावकडे हवी, आणि सही करण्यापूर्वी फायबरचा नकाशा मागून बघावा. एक्स्चेंजमध्ये डीएनएसच्या, म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधून देणाऱ्या व्यवस्थेच्या, रूट सर्व्हरची प्रत आणि नावे उलगडणारा स्थानिक रिझॉल्व्हरही ठेवावेत. बाहेरच्या वाटा तुटल्यावर गावातला सर्व्हर शाबूत असूनही त्याचे नावच उलगडले नाही, तर त्याचा काय उपयोग?

एक स्पष्ट सांगायला हवे. गावातल्या गावातले ट्रॅफिक थोडेच असते. व्हिडिओ कंपन्यांचे कॅशे सर्व्हर (लोकप्रिय व्हिडिओंच्या प्रती जवळ ठेवणारे) इथे आले नाहीत, तर पोर्ट रिकामेच राहतील. ते यावेत म्हणून छोट्या इंटरनेट सेवादारांनी एकत्रित ग्राहकसंख्या आणि ट्रॅफिक दाखवून मागणी करावी. एकेकट्याला कुणी दाद देत नाही. एक्स्चेंज उभे राहिलेच, तर त्याचे आलेख पहिल्या दिवसापासून सर्वांना बघता येतील असे ठेवावेत आणि महिन्यातून एकदा पहाटे तीनला एक स्विच मुद्दाम बंद करून पाहावा.

— नेटवर्क क्षेत्रातील काही अभियंते, कोल्हापूर