हजेरीपटाकडे आरोग्याची नोंद म्हणून पाहा

मा. संपादक,

शाळेत साथ शिरली की सगळी चर्चा शाळा बंद ठेवावी की नाही, एवढ्या एकाच प्रश्नावर येऊन थांबते. ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात एका शाळकरी मुलीचा स्वाइन फ्लूने मृत्यू झाला, तो देशातील या आजाराचा पहिला बळी ठरला आणि पुण्या-मुंबईच्या शाळा काही दिवस बंद ठेवण्यात आल्या. विषाणू नवा होता आणि लस हाताशी नव्हती, त्यामुळे तो निर्णय समजण्याजोगा होता. परंतु गोवर, कांजिण्या, गालगुंड किंवा डोळ्यांची साथ आपल्या शाळांना नवी नाही. तरीही पहिले दोन-तीन रुग्ण आढळताच शाळेने नेमके काय करायचे, हे माझ्या अनुभवात नेहमी त्या त्या मुख्याध्यापकांच्या समजुतीवर सोडलेले असे. मुंबईत ३१ वर्षे प्राथमिक वर्गांना शिकवून मी निवृत्त झाले आहे, म्हणून हे लिहीत आहे.

गोवराचा रुग्ण अंगावर पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून ते नंतरच्या चार दिवसांपर्यंत संसर्ग पसरवू शकतो. पुरळ दिसून पालक त्याला घरी ठेवतात, तोवर ते मूल ताप-सर्दी अंगावर काढत वर्गात बसून गेलेले असते, आणि त्याच्यामुळे बाधित झालेल्या मुलांना पुरळ उठायला साधारण दोन आठवडे लागतात. हे दोन आठवडेच शाळेच्या हातात असतात. एका वर्गातली तीन-चार मुले तापाने गैरहजर आहेत, ही गोष्ट दवाखान्याच्या आधी वर्गशिक्षिकेला कळते. मात्र ती हजेरीपटात 'गै' एवढीच उरते. तेव्हाच वॉर्डच्या आरोग्य विभागाला कळवले, तर आरोग्य सेविका त्या मुलांच्या घरी जाऊन धाकट्या भावंडांची लस तपासू शकतात. खरा धोका त्या भावंडांना असतो, कारण गोवर-रुबेलाची पहिली मात्रा नवव्या महिन्यानंतर मिळते. २०२२ च्या अखेरीस गोवंडी परिसरात गोवराने जो हाहाकार माजवला, त्यात जीव गमावणारी मुले प्रामुख्याने पाच वर्षांखालची होती.

यापेक्षाही मला अधिक खुपते ती १०० टक्के उपस्थितीच्या बक्षिसाची प्रथा. मी ज्या शाळेत होते, तिथे वर्षाअखेर असे प्रमाणपत्र दिले जाई. एका वर्षी तिसरीतला एक मुलगा ते हुकू नये म्हणून अंगात ताप असताना आला आणि दुपारपर्यंत त्याच्या मानेवर पुरळ दिसू लागले. त्याला उपस्थित राहण्याचा आग्रह वर्षभर आम्हीच केला होता, त्यामुळे दोष त्याच्या आईला देण्याची माझी हिंमत झाली नाही. साथीच्या काळातील आजारपणाची गैरहजेरी उपस्थितीच्या हिशेबातून वगळावी आणि परतणाऱ्या मुलाकडे खासगी डॉक्टरांच्या दाखल्याचा हट्ट धरू नये. रोजंदारीवरच्या पालकांना त्या दाखल्याची फी परवडत नाही. काही घरांत मूल शाळेत पाठवण्यामागे दुपारच्या आहाराचाही विचार असतो. करोनाकाळात कोरडा शिधा घरी देण्यात आला होता, तीच सोय विलगीकरणातल्या मुलांसाठी करता येईल.

प्रवेशाच्या वेळी लसीकरण कार्ड पाहण्याची पद्धतही सर्वत्र रुजायला हवी. कार्ड नाही म्हणून प्रवेश अडवता कामा नये, शिक्षणहक्क कायद्याच्या उद्देशालाच ते बाधक ठरेल; परंतु कोणाची गोवर-रुबेलाची दुसरी मात्रा राहिली आहे, पाच-सहा वर्षांची डीपीटीची (घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांवरील लसीची) वर्धक मात्रा कोणाला मिळालेली नाही, याची यादी जूनमध्येच आरोग्य केंद्राकडे गेली पाहिजे. मुलांची आरोग्य तपासणी करणारे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत वर्षातून एकदा येते, त्याच्या भेटीची वाट पाहण्यात अर्थ नाही.

पालिकेच्या शिक्षण व आरोग्य विभागांनी मिळून एका पानाचे परिपत्रक काढावे, ही माझी विनंती आहे. एका वर्गात किती मुले एकाच लक्षणाने गैरहजर राहिल्यावर कळवायचे, कोणाला कळवायचे आणि कोणत्या आजारात मुलाने किती दिवस घरी राहायचे, एवढे त्यात असावे. ते खासगी शाळांनाही लागू करावे आणि पुढील शैक्षणिक वर्ष सुरू होण्यापूर्वी शिक्षकांच्या हाती पडावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, मुंबई