दत्त्या, ॲडलेडचं काय करायचं ते सांग

सांगली, शनिवार रात्र

प्रिय दत्त्या,

बायकोच्या नर्सिंगच्या जोरावर आम्ही ऑस्ट्रेलियात ॲडलेडला जायचं का, हे विचारायला फोनच करणार होतो. पण फोनवर तू निम्म्यातच "ते राहू दे, बेदाण्याचा दर ऐकलास का" म्हणतोस आणि माझं बोलणं राहून जातं. गणपतीपासून तोंड दाखवलं नाही त्याच्या शिव्या भेटल्यावर देच, मी तयारीत आहे. इकडं सगळे बरे. अण्णांच्या गोळ्या चालू, आईचा गुडघा तसाच, माझी शुगर काठावर. एवढं पुरे.

परवा दुपारी मी कुपवाडला मशिनवर होतो आणि आईचा फोन आला, "घरात पोलीस बसलाय, लवकर ये." खरं सांगतो, पहिलं तुझंच नाव डोक्यात आलं. म्हटलं ह्यानं सावळजला कुणाचं तरी डोकं फोडलं आणि जामीन म्हणून माझा पत्ता दिला. हातातला जॉब तसाच चकमध्ये सोडून आलो. बघतो तर हवालदार कॉटवर बसून चहा पितोय. समोर अण्णा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, मांडीवर प्लास्टिकची पिशवी, पिशवीत आधार, लाइट बिल, पेन्शनचं पुस्तक. पासपोर्टची पडताळणी होती. अण्णांच्या!

कुणाला न सांगता पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात जाऊन आले होते. फॉर्म कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्या पोरानं भरून दिला. कशासाठी विचारलं तर म्हणाले, "असू दे. ज्येष्ठ नागरिकाला दहा टक्के सूट आहे." पुढं एक शब्द नाही. आणि काढला तो एकट्याचाच. हवालदार जाईपर्यंत आई गप्प होती, नंतर जी सुरू झाली ती अजून थांबली नाही. "हे विमानातनं जाणार, आणि मी हितं गॅस बंद केला का बघत बसणार."

तुला अण्णा माहीत आहेत. कोल्हापूरला जायचं तरी आदल्या रात्री पिशवी भरणार आणि सकाळी "नको, ऊन आहे" म्हणून पिशवी उपसणार, असा माणूस. मनीषाला सांगितलं तर तिला बरं वाटलं, ताईला सांगितलं तर ती रडली. मला नेमकं काय झालं ते ह्या दोघींनाही कळणार नाही, म्हणून तुला लिहितोय.

मनीषाचं तुला निम्मं माहीत आहे. एनक्लेक्स, म्हणजे नर्सांची कॉम्प्युटरवरची परीक्षा झाली, मग ओस्की, म्हणजे प्रात्यक्षिकाची परीक्षा द्यायला ॲडलेडला जाऊन आली, कारण आपल्याकडच्या नर्सांची ती परीक्षा तिथं होते. पास झाली. आता साउथ ऑस्ट्रेलिया राज्यानं तिचं नाव उचललंय आणि व्हिसाचं आमंत्रण आलंय. साठ दिवसांत अर्ज केला तर केला, नाहीतर गेलं. व्हिसा पाच वर्षांचा. सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन सोडून राहायचं. ॲडलेड चौदा लाखांचं शहर असून त्यांच्या हिशोबात ते 'रिजनल'. तीन वर्षं तिथं राहून कर भरलेला दाखवला की कायमचं मागता येतं. एकट्या मनीषाच्या अर्जाची फीच साडेचार हजार डॉलरच्या वर, म्हणजे अडीच लाख गेले म्हणून धर. माझे आणि आमच्या लेकराचे, ऋतूचे, वेगळे.

गंमत ऐक. त्यांची गुणांची पद्धत आहे, ६५ लागतात. वय, शिक्षण, अनुभव, इंग्रजी असे धरून. त्यात अविवाहित माणसाला १० गुण. नवरा असला आणि त्याच्या कामाची त्यांच्याकडं तपासणी झालेली नसली तर ५, तेही नवरा इंग्रजीत पास झाला तर. म्हणजे मी नसतो तर बाईचे पाच गुण वाढले असते. मनीषानं हे मला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि हसली नाही. मी ती परीक्षा पास झालोय, एवढं लक्षात ठेव. बारावीला माझ्या इंग्रजीला तू जे म्हणाला होतास ते मागे घे.

जमेची बाजू लिहायला बसलो की ती सगळी मनीषाची निघते. मिरजेत बारा-बारा तास उभं राहून तिच्या हातात जे पडतं ते तुला सांगायला मला लाज वाटते. तिथं सुरुवातच वर्षाला सत्तर हजार डॉलरच्या वर. ओव्हरटाइम घड्याळावर मोजतात, रात्रपाळीचे वेगळे. ती तिथं सॅलिस्बरीला केरळच्या नर्सांबरोबर राहिली. चौघी एका घरात, फ्रिजवर पाळ्यांचा कागद. त्यातली एक दोन वर्षांत घराच्या हप्त्याची भाषा करतेय म्हणे. शहर तिला आवडलं. कर्नल लाइट म्हणून कुणी होता, त्यानं १८३७ मध्ये आखणी करताना मधल्या शहराच्या चारी बाजूंनी बागांचा पट्टा सोडला, तो अजून आहे. आपल्याकडं असता तर आतापर्यंत त्यावर गुंठेवारी झाली असती.

आता उणी बाजू. घरभाडं आठवड्यावर सांगतात, हे पहिलं ध्यानात घे. तिनं बघितलेलं दोन खोल्यांचं घर ५८० डॉलर, मी महिन्याचं समजून खूश झालो होतो. घर बघायला पंधरा मिनिटं देतात आणि बाहेर रांग लागलेली असते. उन्हाळा म्हणशील तर २०१९ च्या जानेवारीत पारा ४६.६ वर गेला होता, त्यामुळं थंड देशात चाललो असं काही नाही. पाऊस जून ते ऑगस्ट, तोही आपल्याएवढाच बेताचा. पिण्याचं पाणी मरे नदीवरनं पाइपलाइननं आणतात, कमी पडलं तर समुद्राचं गोडं करतात. नदी वरच्या राज्यांतनं येते आणि ही शेवटच्या टोकाला बसलेत. वरचे पाणी सोडत नाहीत म्हणून यांची ओरड. म्हैसाळच्या पाण्यासाठी रस्त्यावर बसलेल्या माणसाला मी आणखी काय सांगू?

तुझ्या कामाचं एक. त्याच नदीकाठी रेनमार्क, बेरी, तिकडं मिल्ड्युरा, सगळा द्राक्षाचा मुलूख. आणि लेका, तुमच्या शेडमध्ये बेदाण्यासाठी द्राक्षाचे घड बुडवता त्या डिपिंग ऑईलची पद्धत मूळ त्यांच्याकडचीच आहे. जाळीचे रॅकसुद्धा. तोडणीही तुझ्यासारखीच फेब्रुवारी-मार्चात, ऋतू उलटे असून. हे वाचून माझा अर्धा तास गेला आणि मनीषा म्हणाली, "तुम्ही जायचा विचार करताय की दत्ताभाऊजींना पाठवायचा?"

माझ्या कामाचं सांगतो. एलिझाबेथ नावाच्या उपनगरात होल्डन गाड्यांचा कारखाना होता, तो २०१७ च्या ऑक्टोबरात बंद पडला. त्याआधी २००८ ला मित्सुबिशीचा गेला. माझ्यासारखे टर्नर-फिटर तिथं आधीच पिढीजात पडलेले. आता काम आहे ते ऑस्बोर्नच्या जहाजाच्या यार्डात, पण संरक्षणखात्याचं म्हटल्यावर बऱ्याच जागांना नागरिकत्व लागतं. म्हणजे पहिली काही वर्षं मी गोदामात फोर्कलिफ्ट चालवणार, नाहीतर लोकांची पार्सलं पोचवणार. त्याचं मला वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते व्हीएमसी मशिनचं, हप्ते आत्ता कुठं संपले. आणि पाटलाच्या पोराचं. मायक्रोमीटर धरायला शिकवला त्याला, आता तो माझ्यापेक्षा बरं माप घेतो. त्याला काय सांगू, बाई नर्स आहे म्हणून शटर ओढतोय?

आठवतंय का, २००३ च्या डिसेंबरात पहाटे पाचला तुमच्या माडीवर रजई घेऊन ॲडलेडची टेस्ट बघितली ते? तू म्हणालास आगरकर चार ओव्हरच्या वर टिकणार नाही. त्यानं ४१ धावांत ६ काढल्या. पैजेची मिसळ अजून यायची आहे. २०२० ला तिथंच आपण ३६ वर कोसळलो तेव्हा तू मला रात्री बाराला मेसेज केलास, "हे तुझं ॲडलेड." माझं कशाला ते? अण्णांचं आहे. त्यांना त्या गावाची एवढीच ओळख, की सांगलीच्या विजय हजारेंनी १९४८ मध्ये तिथं दोन्ही डावांत शतक मारलं, ११६ आणि १४५. फडकरांनी १२३ काढले, तेही दत्ताच, पण कोल्हापूरचे, म्हणून अण्णा ते पटकन उरकतात. एवढं करून आपण डावानं हरलो, हे तर कधीच सांगत नाहीत. आता पासपोर्ट कशाला काढला असेल? ते मैदान बघायला? आमच्याबरोबर राहायला? की आम्ही तिकडं असताना काही झालं तर उगीच अडायला नको म्हणून? विचारायची कुणाची टाप आहे?

आणि इथं माझी गाडी अडलीय. आईबापांना तिथं कायमचं न्यायचं तर नियम असा, की त्यांची निम्मी तरी मुलं ऑस्ट्रेलियात स्थायिक पाहिजेत. ताई इचलकरंजीला, छकुली पुण्यात, मी एक. तिघांत एक. बाद. एकुलता असतो तर चाललं असतं, एकच बहीण असती तरी चाललं असतं. बरं, नियमात बसणाऱ्यांचीही कथा ऐक. पैसे भरून जाणाऱ्या रांगेत माणशी चाळीस हजार डॉलरच्या वर मोजायचे आणि वर्षानुवर्षं थांबायचं. स्वस्तातल्या रांगेत थांबायचं ते तीस वर्षांच्या वर, हे त्यांचं खातंच सांगतं. अण्णा बहात्तरचे. आपल्याला राहतो तो पाहुण्याचा व्हिसा. नाहीतर आम्ही कायम झाल्यावर तो तात्पुरता पालक-व्हिसा, पाच वर्षांचा घेतला तर फी माणशी दहा हजार डॉलरच्या वर, दवाखान्याचा विमा आपला आपण, आणि सगळं मिळून दहा वर्षं झाली की परत पाठवतात. ऐंशी-पंचाऐंशीच्या माणसांना.

म्हणजे "आधी आम्ही जातो, मग तुम्हाला नेतो" हे जे सगळी पोरं आईबापांना सांगतात, ते मला सांगता येत नाही. तिघांत एक हा हिशोब मी अण्णांपुढं कसा मांडू? इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते रे ते.

छकुली म्हणते मी आहे ना. ताई म्हणते तू जा, पण म्हणताना भांडी आपटते. वेळेचं बरं आहे, तिथल्या उन्हाळ्यात पाच तासांचा फरक, हिवाळ्यात चार, रोज बोलता येईल. पण थेट विमान नाही. सिंगापूरवरनं मुंबई, तिथून रात्रभर गाडी. अण्णांच्या अँजिओप्लास्टीच्या दिवशी मी कुपवाडहून मिरजेला पंचवीस मिनिटांत पोचलो, तेही वाटेत फाटक लागलं म्हणून.

आता तू स्वारगेट काढणार. काढ. तू पुण्याची नोकरी टाकून आबांसाठी गावी निघालास तेव्हा मी स्टँडवर जे बोललो ते मला पाठ आहे, आणि आजही सांगतो, सहा महिने थांबून गेला असतास तर बिघडलं नसतं. आबांना शेतात माणूस पाहिजे होता, नेमका तूच पाहिजे होतास असं मला वाटत नाही. तू म्हणतोस वाटतं. ह्यावर आपलं जमणार नाही. पण त्या दिवशीची माझीच वाक्यं आता मला ऐकवू नकोस, ती मी स्वतःला रोज ऐकवतोय आणि पटत नाहीत.

मनीषानं एकदाही "जाऊया" म्हटलेलं नाही. ती नुसती कागद लावून ठेवते. पोलीस दाखला, मेडिकल, ऋतूचा जन्मदाखला, सगळ्याच्या वेगवेगळ्या फोल्डरी. "जाऊ नको" म्हणायची मला काय हक्काची जागा आहे सांग? ज्या परीक्षेसाठी ती रात्रपाळीवरनं येऊन बसायची, तेव्हा मी तिला चहा करून द्यायचो, एवढंच माझं भांडवल. मला विचारशील तर मी साठ टक्के जायच्या बाजूला आहे. सकाळी. संध्याकाळी अण्णा कट्ट्यावरनं येऊन चपला जागेवर ठेवतात तेव्हा तीस. ऋतूनं तर शाळेत जाहीर करून टाकलंय, बाई मला विचारतात दाखला कधी नेणार.

तुझं सांग. बागेची छाटणी झाली का? परवाच्या पावसात द्राक्षावर डाऊनी रोग आला का तुझ्याकडं, की थोडक्यात सुटलास? वहिनींची सोसायटीची निवडणूक कुठवर आली? पोरगं अजून मोबाइलवरच असेल. आबांना नमस्कार सांग, त्यांची कवळी बसली का ते कळव.

काम असं. पुढच्या रविवारी ये. अण्णा माझ्याशी बोलणार नाहीत, तुझ्याशी बोलतात, का ते देवाला ठाऊक. पासपोर्टचा विषय तू काढ, नुसतं कशासाठी एवढं विचार. तो तिघांत एकचा नियम मात्र सांगू नकोस, तो मीच सांगेन. आईला वेगळं बसवून पाच मिनिटं दे, तिचाही फॉर्म भरायचा का ते विचारून घे, नाहीतर घरात जेवण मिळणार नाही. मग आपण हरिपूरला जाऊन बसू. एसटीनं ये, गाडी आणू नकोस, परत जाताना तुला चालवता येणार नाही.

तुझा,
सुध्या