जिहाद पुकारणार कोण?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जिहादविषयी आपल्या अंकात आलेला लेख आणि त्यावरची उलटसुलट पत्रे वाचली. पत्रलेखकांचे सरळ दोन तट पडलेले दिसतात. एका तटाच्या मते जिहाद म्हणजे बिगरमुस्लिमांना मारण्याचा कायमचा परवाना. दुसऱ्याच्या मते ती निव्वळ मनाची साधना, तलवारीशी तिचा काडीचाही संबंध नाही. दोन्ही मते इतकी सोयीची आहेत की मूळ ग्रंथ उघडण्याची गरजच पडू नये.

पहिल्या तटाची हुकमी आयत (कुराणातील वचन) म्हणजे सूरा (अध्याय) तौबाची पाचवी. अनेकेश्वरवादी सापडतील तिथे त्यांना ठार करा, असे ती सांगते. आता तिच्या मागची-पुढची ओळ पाहा. चौथी आयत करार पाळणाऱ्यांना वेगळे काढते. सहावी म्हणते, त्यांच्यापैकी कोणी आश्रय मागितला तर द्या, त्याला ईश्वराचे वचन ऐकू द्या आणि मग सुरक्षित ठिकाणी पोहोचवा. चौथी आणि सहावी गाळून फक्त पाचवी पुढे करण्याची कला अतिरेक्यांना आणि इस्लामच्या कडव्या विरोधकांना सारखीच अवगत आहे. लढण्याची पहिली परवानगी सूरा हजच्या 39व्या आयतीत मिळाली, असे अनेक भाष्यकार मानतात. ती ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांना आहे. पुढची आयत कारणही देते: असा प्रतिकार झाला नसता तर मठ, चर्च, यहुद्यांची प्रार्थनास्थळे आणि मशिदी जमीनदोस्त झाल्या असत्या. या यादीत मशीद शेवटी येते.

आणि जिहाद म्हणजे फक्त लढाई असेल तर मक्केतील काळाचे काय करायचे? तिथे पैगंबरांच्या अनुयायांना शस्त्र उचलण्याची मुभा नव्हती. तरी त्याच काळातील सूरा फुरकानमध्ये कुराणाच्या साहाय्याने ‘मोठा जिहाद’ करण्याची आज्ञा आहे. सूरा लुकमानमध्ये तर गंमतच आहे. अनेकेश्वरवादी आईबाप मुलाला आपल्या श्रद्धेकडे परत ओढण्यासाठी जो आटापिटा करतात, त्यालाही जिहादचेच क्रियापद वापरले आहे. त्यांचे ऐकू नकोस, पण त्यांच्याशी भलेपणाने वाग, असे तिथे मुलाला सांगितले आहे. लढाईला जायची परवानगी मागायला आलेल्या एका माणसाला पैगंबरांनी ‘आईवडील आहेत का?’ असे विचारले आणि त्यांच्या सेवेतच जिहाद कर म्हणून परत पाठवले. ही हदीस (पैगंबरांच्या उक्ती-कृतींची नोंद) बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही प्रमाण संग्रहांत आहे.

दुसऱ्या तटाचीही पंचाईत आहे. ‘आपण लहान जिहादकडून मोठ्या जिहादकडे परतलो’ हे वचन भाषणांत हमखास येते, पण हदीसच्या सहा प्रमाण संग्रहांपैकी एकातही ते नाही आणि हदीसचे अनेक जाणकार त्याची परंपरा कच्ची मानतात. आत्मसंयमाचा विचार सूफींनी आणि धर्मचिंतक अल-गझालींनी खोलवर केला, तो खराच आहे. म्हणून लढाईचा अर्थ पुसला जात नाही. बुखारीच्या संग्रहातील जिहादचे प्रकरण बरेचसे युद्धाविषयीच आहे. मध्ययुगीन धर्मशास्त्रींनी जगाची ‘दारुल इस्लाम’ (इस्लामी सत्तेखालचा प्रदेश) आणि ‘दारुल हर्ब’ (त्याबाहेरचा, युद्धाचा प्रदेश) अशी विभागणी केली, जी कुराणात नाही, आणि त्यांच्यातील अनेकांनी राज्यविस्तारासाठीच्या स्वारीलाही जिहाद मानले. हे लपवणाऱ्याला वादात पहिल्याच फटक्याला गप्प बसावे लागते.

माझ्या मते खरा प्रश्न दोन्ही तटांच्या नजरेतून सुटतो. जिहाद पुकारण्याचा अधिकार कोणाला आणि तो कोणत्या नियमांनी लढायचा? फिक्हच्या (इस्लामी कायदेशास्त्राच्या) ग्रंथांची पानेच्या पाने यात खर्ची पडली आहेत. तत्त्वज्ञ आणि न्यायशास्त्री इब्न रुश्द (मृत्यू 1198) यांनी तर कोणत्या शास्त्र्याचे कोणाशी कुठे पटत नाही, याची जंत्रीच दिली आहे. पण ढोबळ चौकटीवर बरेच एकमत आहे. लढाई पुकारायची ती राज्यकर्त्याने, वाटेल त्याने नव्हे. एरवी लढणे हे समाजाचे सामूहिक कर्तव्य, काहींनी पार पाडले की इतर मोकळे. मुलाने जायचे तर आईवडिलांची परवानगी हवी. करार मोडायचा नाही. स्त्रिया आणि मुले यांना मारायचे नाही. पहिले खलिफा अबू बक्र यांनी सीरियाकडे निघालेल्या फौजेला दिलेल्या सूचनांत तर फळझाडे तोडू नका आणि मठातील संन्याशांना हात लावू नका, हेही आहे.

ही चौकट विसाव्या शतकात कोणी मोडली ते पाहा. 1981 मध्ये इजिप्तचे अध्यक्ष अन्वर सादात यांच्या हत्येमागच्या गटाचा विचारवंत अब्दुस्सलाम फरज विजेच्या कामातला माणूस होता. अल-कायदाचा अयमन अल-जवाहिरी शल्यविशारद. ओसामा बिन लादेन विद्यापीठात शिकला ते अर्थशास्त्र आणि व्यवस्थापन. 1998 च्या जाहीरनाम्यात त्याने अमेरिकी सैनिक आणि नागरिक दोघांनाही मारणे हे प्रत्येक मुस्लिमाचे वैयक्तिक कर्तव्य ठरवून टाकले. राज्यकर्ता नाही, धर्मशास्त्राची पदवी नाही, नागरिक आणि सैनिक असा भेद नाही. जुन्या शास्त्र्यांच्या कसोटीवर हा कागद पहिल्याच ओळीला नापास होतो.

अर्थात अधिकृत शिक्का असला तरी लोक मागे जातातच असे नाही. नोव्हेंबर 1914 मध्ये उस्मानी (ऑटोमन तुर्की) खलिफाच्या नावाने, शेखुल इस्लामच्या (सर्वोच्च धर्माधिकाऱ्याच्या) फतव्यासह रीतसर जिहाद पुकारला गेला. ब्रिटिश आणि फ्रेंच सैन्यातले असंख्य मुस्लिम शिपाई उस्मानींविरुद्ध लढतच राहिले आणि 1916 मध्ये खुद्द मक्केच्या शरीफाने (तिथल्या अधिपतीने) बंड केले. खलिफाच्या हाकेची ही गत!

याउलट अल्जीरियाचे अमीर अब्दुल कादिर. 1832 पासून 1847 पर्यंत त्यांनी फ्रेंचांशी लढा दिला आणि त्याला जिहादच म्हटले. त्या लढ्यातही युद्धकैद्यांना नीट वागवण्याबद्दल त्यांचा लौकिक होता, आणि कैद्यांच्या अदलाबदलीसाठी अल्जीयर्सच्या बिशपशी त्यांचा पत्रव्यवहार चाले. पुढे ते दमास्कसला राहायला गेले. जुलै 1860 मध्ये तिथे ख्रिश्चनांची कत्तल सुरू झाली तेव्हा आपल्या अल्जीरियन साथीदारांना घेऊन ते रस्त्यावर उतरले आणि हजारो ख्रिश्चनांना त्यांनी वाचवले. हे का केले, यावर त्यांनी इस्लामी कायद्याकडेच बोट दाखवले. पंधरा वर्षे ख्रिस्ती सत्तेशी लढलेला हा माणूस दोन्ही तटांच्या व्याख्येत बसत नाही, आणि कदाचित म्हणूनच चर्चेत त्याचे नाव निघत नाही.

जाता जाता: लेबनॉनचे माजी अर्थमंत्री जिहाद अझूर मॅरोनाइट ख्रिश्चन आहेत. अरबी घरांत हे नाव कौतुकाने ठेवतात.

संपादक महाराज, सप्टेंबर 2014 मध्ये शंभराहून अधिक मुस्लिम विद्वानांनी स्वतःला खलिफा म्हणवणाऱ्या ‘इस्लामिक स्टेट’च्या म्होरक्या अबू बक्र अल-बगदादीला खुले पत्र लिहून त्याच्या दाव्यांचा मुद्देसूद समाचार घेतला होता. बगदादीचे भाषण जगभर गाजले, हे उत्तर मात्र फारसे कोणाच्या वाचनात आले नाही. तेव्हा एक विनंती. एखाद्याने ‘जिहाद पुकारला’ अशी बातमी छापताना पुकारणारा कोण, त्याचा अधिकार काय आणि त्याला धर्मशास्त्राच्या जाणकारांनी काय उत्तर दिले, एवढ्या तीन ओळी तिथेच खाली छापा.

आपला,
एक नियमित वाचक